छत्तीसच फोटो आहेत, नीट वाजवा!

‘‘तो फोटो डिलीट कर ना यार! तोंड कसं झालं असंल माझं त्यात...’’

धरमपेठेतल्या एका कॅफेची गच्ची. दोन गाण्यांच्या मधला ब्रेक. ड्रमर घामाने निथळत माझ्यावर ओरडत होता. मी काही न बोलता कॅमेरा उलटा करून त्याच्यासमोर धरला. मागे नुसतं काळं रेग्झिन. ना स्क्रीन, ना बटण.

‘‘काऊन? फोटो कुठाय?’’

‘‘आत.’’

‘‘मग दिसंल कधी?’’

‘‘रोल संपल्यावर.’’

तो दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिला. मग माईकपाशी जाऊन म्हणाला, ‘‘दोस्तहो, हिच्याकडे छत्तीसच फोटो आहेत. नीट वाजवा रे!’’

गच्चीवर तेव्हा अकरा माणसं होती. त्यातली चार बँडमधली. उरलेल्या सातांत एक मी, एक कॅफेचा वेटर आणि एक बेसिस्टची बहीण, जिला घरच्यांनी ‘हा रात्री नेमका कुठे जातो’ ते बघायला पाठवलं होतं. तर मंडळी, हा आमच्या नागपूरचा पंक रॉक!

हसू नका. मला माहितीय, नागपूर म्हटलं की तुम्हाला संत्रं, सावजी आणि पंचेचाळीस डिग्री एवढंच आठवतं. पण या शहरात पोरं गिटार घेऊन ओरडतात आणि मी गेली पाच वर्षं त्यांचे फोटो काढतेय. तेही फिल्मवर. बँडचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी स्वतःच ते तीनदा बदललंय.

लोक विचारतात, हे खूळ आलं कुठून? मी मास कॉम केलंय, फ्रीलान्स पत्रकारिता करते, पोटासाठी मॉलच्या उद्घाटनाच्या बातम्याही लिहिते. पण खरं सांगायचं तर खुळाची सुरुवात आमच्या इंदोऱ्याच्या घरातल्या टेपरेकॉर्डरपासून झाली. बाबा रेल्वेत होते. ड्युटीवरून आले की आधी कॅसेट, मग चहा. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आणि चौदा एप्रिल जवळ आला की सकाळ-संध्याकाळ भीमगीतं. टेप अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायचं काम माझं. दुसरीत असताना मला पाढे येत नव्हते, पण कुठल्या कॅसेटच्या बी साइडला तिसरं गाणं कुठलं, ते तोंडपाठ होतं.

दहावीच्या सुट्टीत आतेभावाने एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात रमोन्सचा पहिला अल्बम होता, १९७६ चा. चौदा गाणी, आणि अख्खा अल्बम अर्ध्या तासाच्या आत खल्लास! तीन-चार कॉर्ड्स, सोलो नाही, आलाप नाही, थांबणं नाही. मला पहिल्यांदा ऐकताना हे अजिबात परकं वाटलं नाही. अहो, आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत हेच तर व्हायचं! फाटका स्पीकर, घसा बसलेला गायक आणि जे म्हणायचंय ते आत्ताच्या आत्ता म्हणायची घाई.

बाबांना हेडफोन दिला. त्यांनी एक गाणं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, ‘‘याला म्हणतात काय?’’

‘‘पंक.’’

‘‘पंक म्हणजे चिखल,’’ बाबा म्हणाले. ‘‘म्हणून तर कमळाला पंकज म्हणतात. चांगलं नाव आहे.’’

पंकची याहून भारी व्याख्या मी आजवर कुठल्याही म्युझिक मॅगझिनमध्ये वाचलेली नाही.

आपल्याकडे अस्सल पंक बँड तसे मोजकेच. मुंबईच्या ‘द रायट पेडलर्स’ या त्रिकुटाने २०१२ मध्ये सरकार आणि सार्कॅझम या दोन शब्दांची मोट बांधून आपल्या ईपीचं नाव ठेवलं होतं. तिकडे चेन्नईत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ने जानेवारी २०१८ मध्ये पहिला शो केला, गाना, रॅप, रॉक सगळं एकत्र आणि विषय थेट जातीचा. तो पंक आहे की नाही यावर वाद घालणाऱ्यांना मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत यायचं आमंत्रण देते. काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी जो कुणी डोक्यात गेला असेल त्याचा बडगा. हजारो लोक ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून कोकलत असतात आणि शेवटी सगळं पेटवून देतात. लंडनमध्ये पोरांनी कपड्यांना सेफ्टी पिना टोचायच्या कितीतरी आधीपासून, इंग्रजांच्या काळापासून, नागपूर हे करतंय. आमच्या बँडचा गायक इतवारीतलाच. तो ओरडायला कुठे शिकला, हे वेगळं सांगायला नको.

असो. कॅमेऱ्याकडे येते.

माझ्याकडे पेन्टॅक्स के-१००० आहे. फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांचा कॅमेरा म्हणून तो जगभर खपला, १९७६ ते १९९७ अशी वीसेक वर्षं बनत होता. सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला, बाकी सगळं हाताने. गच्चीवरच्या गिगला उजेड असतो दोन एलईडी पार आणि एका ट्यूबलाइटचा. म्हणून ४०० स्पीडची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म १६०० ची आहे असं समजून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून ती तूट भरून काढायची. याला ‘पुश’ करणं म्हणतात. एचपी-फाइव्ह नेहमीच्या स्पीडला डी-७६ मध्ये सात-साडेसात मिनिटांत होते. पुश केली की बारा-तेरा मिनिटं लागतात. सावल्या काळ्याकुट्ट होतात, दाणा मोहरीएवढा दिसतो. आणि त्या संगीताला तेच शोभतं.

आता गंमत ऐका. हे सगळे आकडे वीस डिग्री तापमानाचे. वीस! मे महिन्यात नागपुरात नळाला वीस डिग्रीचं पाणी कोण देणार? टाकीतलं पाणी म्हणजे चहाच. केमिकल गरम झालं की फिल्म बघता बघता जास्त उकळते. मी उपाय शोधला माठाचा. आमची हवा कोरडी, त्यामुळे माठ मस्त गार होतो. त्यात बर्फाचे खडे टाकले की काम फत्ते. कूलरसमोर टब ठेवायचा, त्यात केमिकलच्या बाटल्या, हातात थर्मामीटर. आई म्हणते, ‘‘पाहुण्यांना प्यायला पाणी नाही आन् हिचे फोटो माठातलं पाणी पितात!’’

रोलची किंमत हजार रुपयांच्या आसपास. म्हणजे एकदा क्लिक केलं की जवळजवळ तीस रुपये गेले. फ्रीलान्सरच्या खिशाला हे परवडतं का? नाही. मग मोबाइलवर का नाही काढत? हा प्रश्न मला दर गिगला किमान एकदा विचारला जातो आणि माझं ठरलेलं टेचातलं उत्तर असतं, ‘फिल्मची बातच वेगळी.’

त्या टेचाची एका रात्रीत पार वाट लागली.

बेसिस्टला बंगळुरूला नोकरी लागली होती. मनीषनगरच्या एका गॅरेजमध्ये त्याचा शेवटचा शो होता. चाळीसच्या वर माणसं आली, आमच्या मानाने स्टेडियम भरलं म्हणा! शेवटच्या गाण्यात त्याने बेस गळ्यातून काढला, ड्रमरच्या बहिणीच्या गळ्यात घातला आणि स्वतः खाली बसून रडायला लागला. मी पाच फुटांवर होते. क्लिक. क्लिक. क्लिक. आयुष्यातला सर्वात भारी फोटो मिळाला, या खुशीत मी छत्तीस मोजले. सदतीस झाले. अडतीस झाले. एकोणचाळिसाव्याला पोटात गोळा आला.

ज्यांनी जुना कॅमेरा वापरलाय, त्यांना कळलं असेल. फिल्मचं टोक स्पूलमध्ये नीट अडकलंच नव्हतं. घाईत रोल भरताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरतेय का, हे मी बघितलं नव्हतं. पूर्ण रात्रभर एकही फ्रेम पुढे सरकली नव्हती. कॅमेऱ्याची चूक नाही, फिल्मची नाही. शंभर टक्के माझी.

आणि माझ्या भरवशावर त्या रात्री बाकी कुणीच धड काही काढलं नव्हतं. ‘ती काढतेय ना!’

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर बेसिस्टला सोडायला सगळे होते. मी त्याला सांगितलं. मला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. ‘‘तू मोबाइलवर तरी काढायचा होता एक,’’ एवढंच म्हणाला आणि डब्यात चढला. चार महिने आमचं बोलणं बंद होतं. मीही कॅमेरा कपाटात टाकला.

त्या दिवसांत ‘लंडन कॉलिंग’च्या कव्हरची गोष्ट आठवून मी स्वतःची समजूत घालायचे. द क्लॅशचा १९७९ चा अल्बम. न्यूयॉर्कच्या स्टेजवर पॉल सिमोनन बेस आपटून फोडतोय तो फोटो. फोटोग्राफर पेनी स्मिथ. तिला हा फोटो कव्हरवर नकोच होता, कारण तो आउट ऑफ फोकस आहे! बँडने हट्ट धरला आणि तो रॉकच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी एक झाला. पण समजूत पटेना. तिचा फोटो अस्पष्ट होता, माझा नव्हताच. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

मग एकदा कपाट आवरताना बाबांचा केबी-टेन सापडला. कोडॅकचा तो काळा प्लॅस्टिकचा डबा आठवतो? एके काळी घरोघरी होता. आकडा नऊवर अडकलेला. आत रोल.

‘‘यात काय आहे, बाबा?’’

ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘‘उमप.’’

लोकशाहीर विठ्ठल उमप. ‘जांभूळ आख्यान’वाले. नोव्हेंबर २०१० मध्ये ते दीक्षाभूमीवर कार्यक्रमासाठी आले होते, वय एकोणऐंशी. तिथेच स्टेजवर ते कोसळले आणि गेले. बाबा त्या गर्दीत होते. मी तेव्हा शाळेत. बाबा घरी आले, कॅमेरा कपाटावर ठेवला आणि त्या रात्री टेप लागला नाही, एवढं मला आठवतं. तो रोल त्यांनी पुन्हा कधी काढलाच नाही. त्यावर बारा-तेरा नागपुरी उन्हाळे गेले होते.

रोल कलरचा होता. पण इतक्या वर्षांच्या उष्णतेत रंग काय राहणार? मी तो घरीच, ब्लॅक अँड व्हाइटच्या केमिकलमध्ये धुतला. असं करता येतं. रंग मिळत नाहीत, पण असलंच काही तर आकार हाती लागतो. थर्मामीटर चार वेळा तपासला. बाबा बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते. आईने न सांगता माठ भरून ठेवला होता.

नऊपैकी पाच फ्रेम्स आल्या. धुरकट, डागाळलेल्या. एकाही फोटोत उमप नाहीत. बाबा मागे उभे होते, फ्लॅश पोहोचला फक्त पुढच्या माणसांपर्यंत. त्यामुळे आलीत ती नुसती डोकी. एका बाईच्या खांद्यावर झोपलेलं पोर. टोपीवाला म्हातारा. एकाचा वर गेलेला हात. स्टेजच्या जागी अंधार.

मला वाईट वाटलं. ‘‘बाबा, ते आले नाहीत यात,’’ मी म्हटलं.

बाबा निगेटिव्ह उजेडासमोर धरून बघत होते. ‘‘हा टोपीवाला माझ्या बाजूलाच गात होता,’’ ते म्हणाले. ‘‘पूर्ण गाणं पाठ होतं त्याला. बेसूर होता, पण मोठ्याने.’’ मग त्यांनी त्या म्हाताऱ्याबद्दल, त्या बाईबद्दल, त्या दिवसाबद्दल अर्धा तास सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्या रात्री मी बेसिस्टला मेसेज केला. सॉरी आधीच म्हणून झालं होतं, म्हणून या वेळी फक्त त्या गॅरेजमधलं जे जे आठवत होतं ते लिहून पाठवलं. कोण कुठे उभं होतं, कुणाच्या शर्टावर चहा सांडला, त्याच्या बहिणीने बेस उलटा कसा धरला होता. लांबलचक मेसेज होता. तासाभराने त्याचा फोन आला. ‘‘चहा माझ्या शर्टावर सांडला होता बे, ड्रमरच्या नाही!’’ आणि आम्ही दीड वाजेपर्यंत भांडत बसलो.

आता माझे दोन नियम आहेत. रोल भरला की कळ फिरतेय का ते तीनदा बघायचं, आणि शेवटच्या गाण्याला मोबाइल बाहेर काढायचा. टेच गेला खड्ड्यात. आणि छत्तीसपैकी दहा फोटो स्टेजकडे पाठ करून काढायचे. वेटरचे, बहिणींचे, दारात घुटमळणाऱ्यांचे. बँड फुटतात, पोरं पुण्या-बंगळुरूला जातात, कॅफेच्या जागी मोबाइलचं दुकान येतं. त्या रात्री तिथे कोण होतं, हे कुणीतरी ठेवायला हवं ना!

मागच्या महिन्यात बँड पुन्हा उभा राहिला. नवा बेसिस्ट, नवं नाव, चौथं. गच्चीही वेगळी. मी रात्री बाराला घरी आले तेव्हा बाबा जागे होते. फोटो कसे आले, असं ते कधीच विचारत नाहीत.

‘‘माणसं किती होती?’’ त्यांनी विचारलं.

‘‘एकोणीस.’’

‘‘गात होती?’’

‘‘सहा-सात जण.’’

‘‘मग बरं आहे,’’ बाबा म्हणाले आणि दिवा बंद केला.