साखर आटोक्यात आल्यानंतर: गोळी ठेवायची की थांबवायची

टाइप २ मधुमेहाचा रुग्ण औषध पुढे घ्यावे की थांबवावे असे विचारतो, तेव्हा आधी त्याची अवस्था नेमकी कोणती हे ठरवावे लागते. गोळ्या चालू असताना रक्तातील साखर योग्य पातळीवर राहत असेल, तर ते नियंत्रण. गोळ्या पूर्ण थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली राहत असेल, तर ते रेमिशन. एचबीए१सी ही मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी चाचणी आहे. रेमिशनची ही व्याख्या अमेरिका, युरोप आणि ब्रिटनमधील मधुमेहविषयक संस्थांच्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये एकमताने ठरवली. गोळी चालू असताना आलेला चांगला आकडा शरीराने आणला की गोळीने, हे त्या आकड्यावरून कळत नाही. गोळी विचारपूर्वक कमी करून पाहिल्यावरच ते समजते.

प्रस्तुत लेखक लातूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेजवळच्या देवणी येथे राहतो. घरची शेती सोयाबीन, तूर आणि रब्बी ज्वारीची. पन्नाशीच्या आसपास, जखम लवकर भरत नाही म्हणून केलेल्या तपासणीत त्याचा एचबीए१सी साडेनऊच्या पुढे आला. लेखकाच्या आईलाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत तिचे मूत्रपिंड निकामी झाले होते. उपचार सुरू होऊन वर्ष उलटल्यावर लेखकाचा एचबीए१सी ६.२ वर आला. तेव्हा घरात, शेजारात आणि दवाखान्याच्या बाकावर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: “शुगर नॉर्मल आली म्हणता, मग आता गोळी कशाला?” आणि त्याच बाकावर याच्या उलटही ऐकू येई: “एकदा गोळी लागली की ती जन्माची.” ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. ती का अपुरी आहेत, हे औषधाचे काम समजून घेतल्यावर स्पष्ट होते.

औषध काय करते

टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि स्वादुपिंडातील बीटा पेशींची इन्सुलिन तयार करण्याची क्षमताही कमी होत जाते. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात १९७७ पासून पाच हजारांहून अधिक नवे रुग्ण घेण्यात आले आणि त्याचे मुख्य निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. निदान होते तेव्हाच बीटा पेशींचे बरेचसे काम मंदावलेले असते आणि पुढे ते आणखी मंदावत जाते, हे त्यातून दिसले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्याने आणखी एक गोष्ट दाखवली. सुरुवातीच्या वर्षांत साखर नीट आटोक्यात ठेवली, तर त्याचा लाभ पुढे अनेक वर्षे टिकतो. मधुमेहाची ही पहिली वर्षे सांभाळण्याचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे.

मेटफॉर्मिन हे बहुतेक रुग्णांना सुरुवातीला दिले जाणारे औषध. यकृतातून रक्तात येणारी साखर ते कमी करते. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत खाली जात नाही. दीर्घकाळ घेतल्यास काहींना ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता होते, म्हणून त्याची अधूनमधून तपासणी लागते. ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड ही वेगळ्या गटातील औषधे आहेत. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. जेवण चुकले किंवा श्रम वाढले तरी त्यांचे काम चालूच राहते, त्यामुळे साखर ७० च्या खाली घसरण्याचा धोका असतो. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते.

गोळ्यांनी किडनी खराब होते, ही समजूत देवणी परिसरात सर्वत्र आहे आणि गोळी मधेच सोडण्याचे ते एक मोठे कारण आहे. वस्तुस्थिती अशी की मूत्रपिंड बिघडवते ती वर्षानुवर्षे वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब. मूत्रपिंड आधीच बिघडलेले असेल, तर मेटफॉर्मिनची मात्रा कमी करतात, आणि कार्यक्षमता फार उतरली तर ते थांबवतात. लेखकाच्या आईने याच भीतीपोटी गोळ्या टाळल्या होत्या. त्यामुळे लेखकापुढचा प्रश्न केवळ गोळीच्या कंटाळ्याचा नव्हता.

गोळीविना साखर खाली कशी राहते

रेमिशन शक्य आहे, हे आता वादातीत आहे. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांच्या डायरेक्ट या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांच्या मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवून त्यांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींचा द्रव आहार दिला गेला. वर्षअखेर ४६ टक्के रुग्ण रेमिशनमध्ये होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. पंधरा किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरलेल्यांत ते ८६ टक्के होते. यकृतातील आणि स्वादुपिंडातील जादा चरबी उतरली, की बीटा पेशी पुन्हा कामाला लागतात, असे टेलर यांचे स्पष्टीकरण आहे.

या चाचणीची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. दोन वर्षांनी रेमिशनचे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. पुढे पाठपुराव्यात राहिलेल्या रुग्णांत ते पाचव्या वर्षी सुमारे १३ टक्के उरले. ज्यांचे वजन पुन्हा वाढले, त्यांची साखरही बहुधा परतली. रेमिशन मिळवण्यापेक्षा टिकवणे कठीण.

भारतीय शरीरासाठी वजनाचा हिशेब थोडा वेगळा करावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की भारतीय बाळ जन्मतः हलके असले तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. दिसायला सडपातळ माणसाच्याही पोटात आणि यकृतात चरबी साठू शकते. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची मर्यादा पंचवीसऐवजी तेवीस बीएमआयपासून मानतात. लेखकाचे वजन कधीच फार नव्हते. पोट मात्र सुटलेले होते. त्यामुळे पंधरा किलोचे उद्दिष्ट त्याला लागू नव्हते. कमरेचा घेर कमी करणे हे त्याच्यासाठी योग्य माप ठरले.

लातूरची दोन जेवणांची पद्धत

या भागात औषधमुक्तीची चर्चा घरोघर पोहोचली, ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक असताना त्यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली जीवनशैली गावोगावी व्याख्यानांतून मांडली. खरी भूक लागेल त्या दोन वेळा ओळखून दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मधे काही खायचे नाही, गोड टाळायचे आणि रोज ४५ मिनिटे चालायचे, हा तिचा गाभा. प्रत्येक वेळी खाल्ले की इन्सुलिन स्रवते. म्हणून खाण्याच्या वेळा कमी केल्या तर इन्सुलिनची वाढलेली पातळी उतरते, अशी त्यामागची मांडणी आहे. पैसा न लागणारी आणि शेतकऱ्याला सहज समजणारी म्हणून ती पसरली.

लेखकाने ही पद्धत स्वीकारली. सकाळी शेताकडे जाण्याआधीचे आणि सूर्यास्ताच्या सुमाराचे जेवण ठेवले. आधी काकडी, मुळा किंवा मेथीची पाने, मग मोड आलेले मूग-मटकी, त्यानंतर वरण, भाजी आणि शेवटी ज्वारीची भाकरी, असा क्रम ठेवला. ज्वारी गव्हापेक्षा बरी असली, तरी भाकरीतही पिष्ट असतेच. म्हणून भाकरींची संख्या निम्म्यावर आणली. बांधावरचा साखरेचा चहा बंद झाला आणि पहाटेचे चालणे सुरू झाले.

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने दोन जेवणांची पद्धत डॉक्टरांना न सांगता सुरू केली, तर साखर एकदम खाली जाण्याची भीती असते. जेवण कमी करण्याआधी या औषधांची मात्रा कमी करणे अत्यावश्यक आहे. प्रचार करणाऱ्या कोणीही हे सर्वात आधी आणि सर्वात ठळकपणे सांगायला हवे.

औषध कमी करण्याचा क्रम

भारतात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत मिळून येतात. लेखकालाही अशीच जोडगोळी होती. जोडगोळी अर्धी केली तर दोन्ही औषधे एकदम अर्धी होतात, म्हणून डॉक्टरांनी आधी ती बदलून औषधे वेगळी केली. ग्लिमेपिराइड सर्वात आधी थांबवले, कारण साखर घसरण्याचा धोका त्याचाच होता. त्यानंतर मेटफॉर्मिन दिवसातून दोनदाचे एकदा झाले, आणि तेही चांगले सोसल्यावर बंद करून पाहिले. प्रत्येक टप्प्यावर ग्लुकोमीटरने उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहिली जाई. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी या क्रमात आली नाही. साखर आटोक्यात आली म्हणून त्या गोळ्या आपोआप सुटत नाहीत. त्यांचा निर्णय वेगळ्या मोजमापावर होतो.

मेटफॉर्मिन बंद असलेल्या काळात वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, आली. लातूर-धाराशिव भागात येळवसला शेतात बसून भज्जी, उंडे, आंबील आणि गव्हाची खीर खाल्ली जाते. कोणी न जेवता परत जात नाही. त्या दिवशीची साखर वाढणार हे अपेक्षित होते. दखल घेण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. त्या सणाच्या आठवड्यानंतर, नेहमीचा आहार परत सुरू झाल्यावरही, सकाळची उपाशीपोटी साखर पूर्वीच्या जागी परतली नाही. तीन महिन्यांनंतरच्या चाचणीत एचबीए१सी ६.७ आला. वजन वाढलेले नव्हते, चालणे चालू होते. लेखकाच्या बीटा पेशी गोळीविना साखर ६.५ च्या खाली ठेवू शकत नव्हत्या, असा त्याचा अर्थ होता.

लेखकापुढे दोन वाटा होत्या. ६.७ हा आकडा सामान्य उद्दिष्टाच्या, म्हणजे ७ च्या, खालीच आहे. त्यामुळे गोळीविना आणखी काही महिने पाहता आले असते. दुसरी वाट मेटफॉर्मिनची लहान मात्रा परत घेण्याची. लेखकाने दुसरी निवडली. आईचा इतिहास, आकड्याचा वर चढणारा कल, आणि मेटफॉर्मिनचा अल्प खर्च व अल्प धोका ही त्यामागची कारणे. रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी घेऊन एचबीए१सी पुन्हा सहाच्या आसपास स्थिर झाला. तीन गोळ्यांवरून एकीवर येणे हा आहाराचा आणि चालण्याचा खरा लाभ आहे. त्या एका गोळीमुळे तो लाभ कमी होत नाही.

कोणी औषध थांबवू नये

टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवणे जीवघेणे ठरते. प्रौढ वयात हळूहळू सुरू होणारा टाइप १ सारखा मधुमेह अनेकदा टाइप २ समजला जातो. वजन झपाट्याने घटत असेल तर ही शक्यता तपासून घ्यावी लागते. हृदय कमकुवत असलेल्या किंवा लघवीतून प्रथिने जाणाऱ्या रुग्णांना डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे हृदय व मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी दिलेली असतात. साखर सामान्य झाली तरी त्यांचे ते काम संपत नाही. गरोदरपणात, गंभीर संसर्गात किंवा स्टेरॉइड चालू असताना औषध कमी करण्याचा प्रयोग करू नये. रक्तक्षयाचाही विचार हवा. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त, तर रक्तस्रावानंतर किंवा रक्त चढवल्यावर कमी दिसू शकतो. अशा वेळी ग्लुकोमीटरच्या नोंदींवर अधिक विसंबावे लागते.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड किंवा मधुमेह मुळापासून घालवणारे औषध यांच्या भरवशावर गोळी सोडणे हा सर्वाधिक नुकसान करणारा मार्ग. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या बाजारात आणि मोबाइलवर दिसतातच.

पुढील देखरेख

औषध पूर्ण थांबलेल्या रुग्णाने एचबीए१सी वर्षातून किमान एकदा, आणि पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी तपासणे योग्य. डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतील प्रथिनांची, पायांच्या संवेदनेची, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची वार्षिक तपासणी रेमिशनमध्येही थांबत नाही, कारण आधीच्या वर्षांतील वाढलेल्या साखरेचे परिणाम नंतरही प्रकट होऊ शकतात. तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबासाठी तपासणी शासनाच्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत होते. तिचा लाभ घ्यावा. मधुमेही आई-वडिलांच्या मुलांनी तर घ्यावाच.

वजन किंवा कंबर वाढू लागली, उपाशीपोटीची साखर सतत १२६ च्या वर राहू लागली किंवा एचबीए१सी ६.५ ओलांडू लागला, तर औषध पुन्हा सुरू करण्याविषयी लगेच बोलावे. तहान, वारंवार लघवी आणि थकवा ही लक्षणे येईपर्यंत थांबू नये. औषध ठेवण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय एकदाच घेऊन संपत नाही. दर तपासणीत नव्या आकड्यांसह तो पुन्हा तपासला जातो, आणि तो रुग्ण व डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा असतो.