हँडलने सांगितलं होतं

गोळीबार थांबवायची हाक आली तेव्हा माझ्या रायफलीत एक काडतूस भरलेलं होतं. अशा वेळी बोल्ट उघडायचा, काडतूस बाहेर काढायचं, चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून रंगीत प्लॅस्टिकची पट्टी घालायची आणि टेबलापासून मागे सरायचं, हा रेंजचा नियम. मी बोल्ट मागे ओढला. पुंगळी आली, पण तिच्या तोंडाशी गोळी नव्हती. राखाडी पावडरचे दाणे बोल्टच्या खोबणीत, मॅगझिनमध्ये, ट्रिगरच्या फटीत सांडले. गोळी आत नळीतच अडकून राहिली होती.

शेजारी माझी सोळा वर्षांची मुलगी उभी होती. डब्यातली पुढची पाच काडतुसं तिची होती.

कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली. काडतुसं घरी भरायला मी शिकलो ते शेजारच्या एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांकडून, त्यांच्या गॅरेजमध्ये. इथे हा छंद कायदेशीर आहे आणि लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे पुष्कळ लोक तो करतात. आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो, पण काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर, आतली पावडर आणि तोंडाशी बसवलेली गोळी. एकदा झाडलेली पुंगळी फुगते. ती हातप्रेसवरच्या डायमध्ये दाबून मूळ मापाला आणायची, लांबी वाढली असेल तर कापायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर तोलून घालायची आणि शेवटी गोळी दाबून बसवायची. तोलायचं माप ग्रेन. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याहून जरासा जास्त. त्याचाही दहावा भाग काट्यावर बघायचा.

मला हे काम पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं. चिंचवडला मी आठ वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत. पुंगळीच्या मानेत गोळी बसवणं म्हणजे सरळ प्रेस फिट. .३०८ विंचेस्टर या १९५२ साली आलेल्या काडतुसाची गोळी ०.३०८ इंच व्यासाची आणि पुंगळीची मान आतून त्याहून साधारण दोन थाऊ लहान. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५ मायक्रॉन. एवढ्याशा फरकावर गोळी धरून ठेवली जाते. प्लेटमध्ये बुश दाबताना प्रेसच्या हँडलवर जे जाणवतं तेच इथे जाणवतं.

त्या शनिवारी रेंजच्या अधिकाऱ्याने माझी रायफल बाजूला घेतली. बोल्ट काढला, सांडलेली पावडर झटकून पुसून घेतली, मग नळीच्या तोंडाकडून सफाईची कांडी घालून हलकेच ठोकल्यावर गोळी मागे सरकून बाहेर पडली. हातात घेऊन बघितली. निमुळता भाग जिथे सुरू होतो तिथे तांब्यावर सहा बारीक चौकोनी खुणा होत्या, सारख्या अंतरावर. नळीतल्या आट्यांचे उंचवटे, ज्यांना लँड म्हणतात, त्यांनीच त्या उमटवल्या होत्या. बोल्ट लावताना मी गोळी लँडमध्ये रेटून बसवली होती.

याचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला आणि पोटात गोळा आला. गोळीला लँडपर्यंत पोहोचायला थोडी मोकळी धाव मिळत असेल तर दाब एका रीतीने चढतो. आधीच टेकून बसली असेल तर तीच पावडर जास्त दाब देते. त्या सकाळी अकरा काडतुसं मी झाडली होती. त्यांतल्या दोन काडतुसांनंतर बोल्ट उचलायला जड गेला होता, जास्त दाबाची ती खूण, आणि मी ते थंडीवर घातलं होतं.

मुलगी एवढंच म्हणाली, “बाबा, मी आज नाही मारत.” तिला मी काही समजावलं नाही. डबा बंद केला आणि आम्ही घरी आलो.

उरलेली ३८ काडतुसं फोडायला घेतली. त्यासाठी प्लॅस्टिकचा एक पोकळ हातोडा मिळतो. काडतूस त्यात अडकवून हातोडा ठोकायचा, झटक्याने गोळी मानेतून सुटते. सगळी गोष्ट उलगडली ती इथे. काही गोळ्या एका ठोक्यात सुटल्या. काहींना सात-सात ठोके लागले. एकाच डब्यात, एकाच बैठकीत बसवलेल्या गोळ्या.

सुटलेल्या गोळ्या भिंगाखाली घेतल्या. ज्या घट्ट होत्या त्यांच्या अंगावर उभे ओरखडे होते, आणि नाकाकडे एक गोल कडं उमटलेलं होतं, पेल्याच्या तळाचा ओला वळा टेबलावर राहतो तसं. हे कडं सीटिंग डायच्या आतल्या दांड्याचं, गोळीला खाली दाबणाऱ्या स्टेमचं. माझ्या जुन्या गोळीच्या गोलाईला तो स्टेम बरोबर बसत असे. महिनाभर आधी ती गोळी दुकानात मिळेना, म्हणून मी दुसऱ्या बनावटीची घेतली होती. वजन तेच, १६८ ग्रेन. निमुळतेपणा मात्र वेगळा. स्टेमची धार तिच्यावर फक्त एका रेषेत टेकत होती. मान घट्ट असली की ती धार तांब्यात रुतायची आणि तेवढ्या अंतराने गोळी वरच राहायची.

मुख्य चूकही याच निमुळतेपणात होती. मी काडतुसाची लांबी बुडापासून टोकापर्यंत मोजत होतो आणि जुन्या गोळीचा आकडा तसाच चालू ठेवला होता. .३०८ ची ठरलेली कमाल लांबी २.८१० इंच. माझी काडतुसं तिच्या आत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. पण टोक नळीला कुठेच लागत नाही, लागतो तो खांद्यासारखा रुंद होत जाणारा भाग. नव्या गोळीत तो भाग टोकाच्या जास्त जवळ होता. लांबी तीच ठेवली तरी तिचा रुंद भाग लँडकडे पुढे सरकलेला. शिवाय मॅचच्या, म्हणजे स्पर्धेसाठीच्या, गोळ्यांची टोकं पोकळ आणि खडबडीत असतात, एकाच डब्यात दहा-दहा थाऊंचा फरक सापडतो. टोकावरून मोजलेला आकडा म्हणजे टोपीसकट मोजलेली माणसाची उंची.

कॅलिपरच्या जबड्याला लावायचा कंपॅरेटर घेतला. त्याच्या भोकात गोळी ठरावीक व्यासाशी अडते आणि तिथून बुडापर्यंत माप मिळतं. मग प्रायमर नाही, पावडर नाही, अशी नमुन्याची पुंगळी केली. गोळी काळ्या मार्करने रंगवून लांब बसवली, चेंबरमध्ये अलगद घातली, बाहेर काढून खुणा पाहिल्या. थोडी आत, पुन्हा रंग, पुन्हा चेंबर. खुणा उमटायच्या थांबल्या तेव्हा मी लावलेल्या मापापेक्षा गोळी १४ थाऊ आत गेली होती.

मग सैल आणि घट्ट का? माझ्या डब्यात दोन घराण्यांच्या पुंगळ्या मिसळल्या होत्या. काही आठ-नऊ वेळा झाडलेल्या. पितळ पुन्हा पुन्हा फुगवून दाबलं की कडक होतं, डायमधून निघाल्यावर स्प्रिंगसारखं परत उघडतं आणि पकड सैल राहते. बाकीच्या जवळपास नव्या, पण मी त्या स्टीलच्या पिनांबरोबर पाण्यात फिरवून लखलखीत केल्या होत्या. मानेच्या आतला काजळीचा थर गोळीला सरकायला मदत करतो. तो गेला की पितळावर तांबं खरवडत जातं, आणि हँडल चिरकतं. त्यातच कापलेल्या तोंडांना आतून चॅम्फर मारायचा, म्हणजे कड उतरती करायचा, मी कंटाळा केला होता. उभे ओरखडे कापताना राहिलेल्या त्या धारदार कडेचे, बरचे. आणि नळीत राहिली ती गोळी सैल पुंगळीतली. घट्ट बसलेली असती तर बोल्टबरोबर मागे आली असती, मला काही कळलं नसतं, आणि पुढची पाच काडतुसं मुलीने झाडली असती.

गोळ्या बसवताना हँडल कुठे लोण्यासारखं गेलं होतं, कुठे चिरकलं होतं. प्रत्येक वेळी कॅलिपरवर आकडा बरोबर आला म्हणून मी पुढचं काडतूस घेतलं. चिंचवडला आमचे मिस्त्री बुश अर्धवट गेलेला असतानाच म्हणायचे, “थांब, काढ तो.” मायक्रोमीटर ते नंतर मागवायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने हे दुर्लक्ष करावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

जुन्या पुंगळ्या वेगळ्या काढल्या. त्यांच्या माना आचेवर नरम करता येतात, पण तपमान चुकलं तर पुंगळी निकामी होते. मी त्या भंगारात टाकल्या. नव्यांच्या तोंडांना चॅम्फर मारला आणि मानेत ग्रॅफाइटचा कोरडा ब्रश फिरवला. एक गोळी ड्रिलच्या चकमध्ये धरून लॅपिंग पेस्ट लावली आणि स्टेमच्या तोंडात फिरवत त्याची गोलाई तिच्याशी जुळवली. शेजाऱ्यांनी आणखी एक सवय लावली: गोळी अर्धी बसवायची, पुंगळी अर्धा फेरा फिरवायची, मग उरलेली दाबायची. त्याने सरळपणात फरक पडतो असं ते मानतात. मला तो मोजता आलेला नाही, पण हात आता तसाच चालतो. पावडर पुन्हा खालच्या मापापासून चढवत आणली.

दीड महिन्याने मुलगी परत रेंजवर आली. तिची पाच काडतुसं तिने स्वतः बसवली होती, मी बाजूला उभा होतो. ती बसवताना चौथ्याला तिचा हात हँडलवर मध्येच थांबला होता.

“बाबा, ही हलकी गेली.”

कॅलिपरवर आकडा बरोबर होता. तिने ते काडतूस लाल झाकणाच्या डब्यात टाकलं आणि दुसरी पुंगळी घेतली.