स्लॅड : जिथे भुतांनाही पत्ता होता

तीन वर्षांच्या मुलाला भर जून महिन्यात उंच गवतात उभं केलं, तर त्याला काय दिसेल?

तुम्हा-आम्हाला ते कमरेएवढं गवत. त्याला मात्र ते डोक्यावरून गेलेलं जंगल वाटणार. वर आभाळाचा छोटासा तुकडा, चारी बाजूंना हिरव्या भिंती आणि कानाशी गुणगुणणारे किडे. इंग्लंडमधल्या एका खेड्यात एका मुलाचं नेमकं असंच झालं. सामानाच्या घोडागाडीतून त्याला खाली उतरवलं, मोठी माणसं पेट्या-गाठोडी काढण्यात गुंतली आणि हा गवतात हरवला. मग काय, त्याने जे भोकाड पसरलं! शेवटी मोठ्या बहिणी धावत आल्या. त्यांनी त्याला उचललं, आंबटगोड लाल फळं त्याच्या तोंडात कोंबली आणि नव्या घरी नेलं.

त्या मुलाचं नाव लॉरी ली. गावाचं नाव स्लॅड. पहिलं महायुद्ध तेव्हा संपत आलं होतं. पुढे १९५९ मध्ये, म्हणजे चाळीसेक वर्षांनी, लॉरी ली यांनी या गावातल्या बालपणावर 'सायडर विथ रोझी' हे पुस्तक लिहिलं. इंग्लंडमधल्या कितीतरी पिढ्यांनी ते शाळेत अभ्यासलं आहे.

मला ते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी लायब्ररीच्या अगदी मागच्या कपाटात सापडलं. अभ्यासक्रमात नव्हतं, म्हणूनच कदाचित जास्त आवडलं. आधीच सांगते, मी अजून स्लॅडला गेलेली नाही. पण फोनवरच्या नकाशात त्या रस्त्यावरून बोट इतक्यांदा फिरवलं आहे, की वळणं पाठ झाली आहेत. चला, आज तुम्हीही सोबत या.

दरीतलं गाव

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून रेल्वेने दीडेक तासात स्ट्राउड नावाचं छोटं शहर येतं. ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या कॉट्सवोल्ड्सच्या डोंगराळ भागात ते वसलं आहे. तिथून तीनेक किलोमीटरवर स्लॅड. एका बाजूला बीच वृक्षांची दाट राई, खाली ओढा आणि उतारावर फिकट पिवळ्या दगडाची घरं.

स्ट्राउडच्या या दऱ्या एकेकाळी लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होत्या. ओढ्यांच्या पाण्यावर गिरण्या चालायच्या. ब्रिटिश सैनिकांच्या लाल डगल्यांचं कापड इथेच विणलं आणि रंगवलं जायचं. ईस्ट इंडिया कंपनीही इथल्या कापडाची मोठी गिऱ्हाईक होती. म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या चित्रांमध्ये जे लाल कोटवाले शिपाई दिसतात, त्यांचा एक धागा या दऱ्यांपर्यंत येतो.

लॉरीचं घर तीनशे वर्षं जुनं होतं. भाडं आठवड्याला साडेतीन शिलिंग. घरात पाण्याचा हापसा, बाहेर सफरचंदाची झाडं आणि तळघरात चक्क बेडूक. वडील लंडनला नोकरीला गेले ते कायमचेच. आई ॲनी स्वतःची आणि नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची मुलं एकाच मायेने वाढवत राहिली. नवरा कधीतरी परत येईल, म्हणून ती वर्षानुवर्षं वाट बघत होती. तो आला नाही.

या मुलाला पहिल्या दिवशी शाळेत बाईंनी एका जागी बसवलं आणि म्हटलं, 'फॉर द प्रेझेंट' इथे बस. म्हणजे, सध्यापुरता इथे बस. पण लॉरीला 'प्रेझेंट' म्हणजे भेटवस्तू एवढंच ठाऊक. बिचारा दिवसभर भेटीची वाट बघत बसला. संध्याकाळी रागारागाने घरी आला, की बाईंनी भेट दिलीच नाही, मी उद्या जाणार नाही!

त्यांच्याच घराच्या दुसऱ्या भागात दोन म्हाताऱ्या राहायच्या. एक वरच्या मजल्यावर, एक खाली. खालच्या ग्रॅनी वॅलन रानफुलांची दारू गाळायच्या. वरच्या ग्रॅनी ट्रिल पहाटे उठून संध्याकाळी पाचला झोपायच्या. दोघींचं हाडवैर. एकमेकींचं नावसुद्धा घ्यायच्या नाहीत, नुसतं 'ती वरची' आणि 'ती खालची'. बोलणं बंद, पण संवाद चालू! वरची जमिनीवर पाय आपटायची, खालची झाडूने छत ठोकायची. मग एक दिवस वरची पडली, तिचं हाड मोडलं आणि ती गेली. तुम्हाला वाटेल खालची सुटली. पण काही दिवसांतच तीही गेली. भांडायलाच कुणी उरलं नाही, तर जगायचं कशासाठी?

भुतांचे पत्ते

आता संध्याकाळ होते आहे. विजेचे दिवे नाहीत. घरात मेणबत्त्या, बाहेर मिट्ट काळोख. अशा गावात भुतं नसतील तरच नवल! पण स्लॅडच्या भुतांचं एक वैशिष्ट्य होतं. ती कुठेही भेटत नसत. प्रत्येकाची जागा ठरलेली होती, अगदी पत्ता असावा तशी.

गावाच्या वर, माळावर, बुल्स क्रॉस नावाचा चौरस्ता आहे. पूर्वी तिथून घोड्यांच्या प्रवासी गाड्या जायच्या. अशाच एका गाडीला ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री भीषण अपघात झाला, असं गावात सांगत. तेव्हापासून वर्षाच्या शेवटच्या रात्री बाराच्या ठोक्याला ती गाडी पुन्हा दिसते, घोडे किंकाळतात, माणसं ओरडतात. आणि ज्याने ती पाहिली, त्याचं काही खरं नाही. सूर्य मावळला, की मुलं त्या चौरस्त्याकडे फिरकत नसत.

तिथून पुढे रानात डेडकूम बॉटम नावाचा खोलगट भाग. तिथे एक पडकं घर, फाशी देणाऱ्याचं. गोष्ट अशी, की एका पावसाळी, अंधाऱ्या रात्री त्याच्यापुढे एक कैदी आणला गेला. त्याने नेहमीप्रमाणे आपलं काम केलं. इतक्यात ढग सरले, चांदणं पडलं आणि त्याला दिसलं, की दोराला लटकतोय तो आपलाच मुलगा आहे. तो एक शब्दही बोलला नाही. घरी गेला आणि भिंतीतल्या आकड्याला त्याने स्वतःला टांगून घेतलं. अंगावर काटा आला ना? आता पुढचं ऐका. गावातली पोरं दिवसा त्याच घरात खेळायची आणि त्याच आकड्याला लोंबकळून झोके घ्यायची!

शिवाय दोन डोक्यांची मेंढी होती. ती रानात राहायची आणि फक्त वीज चमकली तरच दिसायची. जोन्स नावाच्या माणसाचा एक थोराड बोकडही होता. तो खराखुरा होता, दिवसा दाव्याला बांधलेला असायचा. पण कधी कधी रात्री सुटून, साखळी खळखळवत गावातून फिरायचा. अंथरुणात पडल्या पडल्या ती खळखळ ऐकणाऱ्या मुलाला तो बोकडच आहे हे कोण समजावणार?

पहिल्यांदा वाचताना मला या गोष्टी गमतीच्या वाटल्या. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की या गोष्टी म्हणजे गावाचा नकाशाच आहे. कुठल्या रस्त्याने रात्री जायचं नाही, कुठल्या ओसाड जागी एकट्याने थांबायचं नाही, हे पोरांना वेगळं शिकवावंच लागत नव्हतं. भुताचा पत्ता सांगितला की काम झालं.

जी गोष्ट कुणी सांगितली नाही

पण याच पुस्तकात आणखी एक मृत्यू आहे. लॉरी तेव्हा अगदी लहान होता.

गावातून फार पूर्वी न्यूझीलंडला गेलेला एक माणूस नाताळच्या सुमारास परत आला. बाहेर बर्फ पडत होतं. गावच्या दारूच्या गुत्त्यात बसून तो आपल्या पैशाच्या बढाया मारू लागला. तुम्ही इथेच कुजलात, मी बघा कसा मोठा झालो, असं सगळ्यांना ऐकवू लागला. गावातली काही तरणी पोरं गुपचूप बाहेर पडली. रात्री तो एकटा निघाला, तेव्हा त्यांनी त्याला रस्त्यात गाठलं, मारलं, लुटलं आणि बर्फात टाकून दिलं. सकाळी तो गोठून मेलेला सापडला.

पोलीस आले. घरोघरी चौकशी झाली. कुणीच काही बोललं नाही. कुणी मारलं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तरीही. बऱ्याच वर्षांनंतर एक म्हातारी मरणपंथाला लागली, तेव्हा ती त्या माणसाच्या घड्याळाबद्दल बोलू लागली. घरच्यांनी तिला गप्प केलं.

मी इथे थांबले आणि पुस्तक मिटून ठेवलं. जी गाडी कुणी कधी पाहिली नाही, तिची तारीख, वेळ, जागा गावाने पोरांना तोंडपाठ करून दिली होती. आणि जो माणूस खरोखर मेला, त्याच्याबद्दल मात्र गावाने दातखीळ बसवून घेतली. मुलांना अंधारातल्या घोड्यांची भीती घातली. गुत्त्यात शेजारी बसणाऱ्या ओळखीच्या पोरांची भीती कुणी घातली नाही.

ली यांनी ही गोष्ट लिहिली खरी, पण मारणाऱ्यांची नावं त्यांनीही सांगितलेली नाहीत. काळाच्या ओघात आठवणीत फेरफार झाले असतील, असं तर त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच कबूल केलं आहे. तेव्हा यातलं किती जसंच्या तसं घडलं, हे विचारण्यात अर्थ नाही. पण एवढं नक्की, की गाव ज्या गोष्टी सांगतं त्यांनी जसं बनतं, तसं ज्या गिळून टाकतं त्यांनीही बनतं. म्हणूनच हे पुस्तक मला नुसतं गोडगोड वाटलं नाही. त्या गावावर जीव असलेल्या माणसानेच ते लिहिलं आहे आणि तरीही त्याने गावाला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही.

घोडा थांबला, मोटार आली

लॉरीच्या लहानपणी गावाचा वेग घोड्याच्या चालीएवढा होता. स्ट्राउडपलीकडचं जग म्हणजे परदेशच. मग मोटारी आल्या, बस आली. अख्खं गाव उघड्या मोटारगाड्यांत बसून वेस्टन-सुपर-मेअरला समुद्र बघायला गेलं, तो केवढा सोहळा! हळूहळू तरणी मुलं कामासाठी, सिनेमासाठी शहराकडे जाऊ लागली. गावचा जमीनदार, ज्याला सगळे 'स्क्वायर' म्हणत, तो वारला. म्हातारी माणसं एकेक करून गेली. ज्या रस्त्यावर मोटारीचे दिवे पडतात, तिथे भुतांची गाडी कुणाला दिसणार?

१९३४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, लॉरीनेही गाव सोडलं. पायी, हातात व्हायोलिन घेऊन. पुढे स्पेनपर्यंत भटकला. पण पुस्तक गाजल्यावर तो पुन्हा स्लॅडलाच राहायला आला. १९९० च्या दशकात दरीत घरं बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा म्हातारे लॉरी ली त्याविरुद्ध उभे राहिले. १९९७ मध्ये ते गेले. गावातल्याच चर्चच्या आवारात, समोरच्या वूलपॅक या त्यांच्या आवडत्या गुत्त्याजवळ त्यांना पुरलं आहे.

त्या गुत्त्याबद्दल एक किस्सा सांगतात. लॉरी ली बाहेर बसले होते. शाळेच्या काही मुली आल्या आणि त्यांनाच विचारू लागल्या, लॉरी ली यांना कुठे पुरलंय हो? पुस्तक अभ्यासाला असलं, की लेखक मेलेलाच असणार, असा त्यांचा समज! बी.ए.ला असताना माझाही तोच समज होता.

तुम्ही गेलात तर

जून निवडा. तेव्हा तिथे रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि गवतही उंच असतं. ली यांच्या मालकीची राई आता ग्लॉस्टरशायरच्या वन्यजीव संस्थेकडे आहे. दरीतून पाच-सहा मैलांची एक पायवाट आखलेली आहे आणि वाटेत ठिकठिकाणी त्यांच्या कविता लावलेल्या आहेत. मुलं सोबत असतील तर एका जागी थांबा, त्यांना गवतात बसू द्या आणि तुम्हीही खाली बसा. गवत किती उंच होतं, ते तिथून कळेल.

आणि जायला जमणार नसेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर फोन बाजूला ठेवून घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला एवढंच विचारा : 'लहानपणी कुठल्या जागेवरून तुम्ही पळत जायचात?' उत्तर पटकन येईल. मग हेही विचारा, की अशी कुठली गोष्ट होती, जी सगळ्यांना माहीत होती, पण घरात कुणी बोलत नसे? याचं उत्तर कदाचित यायला वेळ लागेल. कदाचित येणारच नाही. तरी थोडा वेळ तिथेच बसून राहा.

मी एक दिवस स्लॅडला नक्की जाणार आहे. ली यांची कबर बघेन, रानवाट चालेन, बुल्स क्रॉसलाही जाईन. पण एक सांगून ठेवते. तारीख ३१ डिसेंबर असेल, तर मी दिवस मावळायच्या आत खाली येईन. तुम्ही थांबायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.