रकाना

आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती घर आहे. काकीचा आजेसासरा आणि माझा पणजा मिरजेकडच्या एकाच महारवाड्यातले. आजेसासरा मिशनच्या दवाखान्यात झाडू मारता मारता ख्रिस्ती झाला. आमचं घर १९५६ साली बौद्ध झालं. आम्ही जयभीम म्हणतो, काकी सलाम म्हणते. फरक एवढाच, असं मी समजत होतो.

काकीचं पोरगं सोळाचं, माझा धाकटा भाऊही सोळाचा. दोघं एका शाळेत, एका पानटपरीवर. मावा दोघांनीही धरला. मी सूतगिरणीतून तिसरी पाळी करून आलो, भावाच्या खिशात पुडी सापडली, पट्टा काढला. बाप नाही म्हणून मीच बाप. मारलं आणि झोपलो. पुडी खिशातून दप्तरात गेली, दुसरं काही झालं नाही.

काकीनं हात उगारला नाही. तिच्या घरी रात्री उपासना असते. शास्त्रातला एक भाग वाचायचा, मग ज्यानं त्यानं आपला दिवस सांगायचा. भिंतीतनं सगळं ऐकू येतं. त्या रात्री तिनं लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पोराचा दाखला पोरालाच वाचायला लावला. वाटणी घेऊन घर सोडलेलं पोर, आणि ते परत येताना लांबून दिसताच धावत सुटलेला बाप. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आता तू बोल." पोरगं लई वेळ गप. मग बोललं. मावा सुटायला चार महिने लागले, पण सुटला.

मी आधी हसलो होतो. त्या बापाकडं वाटायला इस्टेट होती, कापायला वासरू होतं. आपल्याकडं काय? शिवाय नीतिसूत्रांतली छडी दाखवून पोरं सोलणारे ख्रिस्ती बापही मी बघितलेत. काकीला म्हणालो तर म्हणते, "पौलानं इफिसकरांच्या पत्रात बापांनापण बजावलंय, पोरांना चिडीला आणू नका. ते कुणी वाचत न्हाई."

दहावी झाली. आयटीआयचा फॉर्म आला, जातीचा रकाना आला. गड्यांनो, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच लागायचा. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. आपल्या राज्यात त्यांना इतर मागासवर्गात धरतात. म्हणजे पणजे एकाच विहिरीवरून हाकललेले, पोरांचे रकाने दोन.

काकीच्या सासऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर कुणा गुरुजीनं 'हिंदू महार' लिहून ठेवलंय. मी तिला म्हणालो, "हिंदू लिहू दे. हक्क आपलाच आहे, सरकारनं चोरलाय." अजूनही हक्काबद्दल माझं तेच मत आहे. काकी काही बोलली नाही. रात्री तिनं सासऱ्याचा दाखला आणि पोराचा बाप्तिस्म्याचा दाखला दोन्ही त्याच्यापुढं ठेवले. म्हणाली, "खोटं बोलू नको असं मीच शिकवलंय. फी किती हाय तेबी तुला ठावं हाय. कायबी लिही, भाकरी हितंच खायचीय."

मी झोपलो नाही. बुद्धानं पोरसवदा राहुलला पाण्याचं भांडं दाखवून खोटं बोलण्याबद्दल सांगितलं. आरशात बघावं तसं प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना, केल्यावर तपासायला सांगितलं. हे मी वस्तीवस्तीत भाषणात सांगतो. पट्टा घेताना आठवलं नव्हतं. 'हिंदू लिहू दे' म्हणतानाही नाही.

पोरानं 'ख्रिस्ती' लिहिलं. काकीनं फॉर्म घडी घालून ठेवला आणि नळावर जाऊन रडली. मला वाटतं, त्यानं दुसरं लिहिलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. पण ती त्याला बोलली नाही.

त्याला इलेक्ट्रिशियन पाहिजे होतं, वेल्डर मिळालं. माझ्या भावाला इलेक्ट्रिशियन लागलं. यादी बघून आला तरी तोंड उतरलेलं. म्हणाला, "दादा, मी त्याच्या जागी असतो तर तू मला काय लिहायला लावलं असतंस?"

गिरणीचा भोंगा झाला. मी डबा उचलला.