किंचित ठेंगणी

गाडी ‘किंचित’ ठेंगणी करायची आहे, असे भाचा म्हणाला तेव्हा माझ्यातला मराठीचा प्राध्यापक आधी त्या क्रियाविशेषणापाशीच थबकला. किंचित म्हणजे किती? त्याची ऑक्टाव्हिया आरएस 2017 सालची, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली आणि मुळातच साध्या ऑक्टाव्हियाहून सुमारे 15 मिलिमीटर बसकी. दुकानदाराने स्प्रिंगांचे दोन संच दाखवले होते: एक 45 मिलिमीटर उतरवणारा, दुसरा 25. भाच्याचा डोळा अर्थातच पहिल्यावर. चाक आणि मडगार्ड यांतली फट त्याला शुद्धलेखनाच्या चुकीसारखी सलते.

पण शनिअमावास्येला याच गाडीतून माझी आई शिंगणापूरला जाते. तिच्या मणक्याची हाडे ठिसूळ झाली आहेत. घोडेगावहून आत वळले की गतिरोधक सुरू. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे ऐसपैस उताराचा हवा. गावोगावचे उंचवटे काही मानक वाचून घातलेले नसतात. (देव छपराविना चौथऱ्यावर उभा, घरांना दारे न लावण्याची प्रथा; आणि तिथे पोचायच्या वाटेवर एवढे अडसर!) उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा इंजिनाखालच्या पत्र्याला भिडतो, ते वेगळेच.

स्प्रिंग आखूड केली की चाकाला वर सरकायला जागा कमी उरते, म्हणून ती कडक करावी लागते. 20 टक्के कडक केली तर गाडीची आंदोलने 10 टक्क्यांच्या आसपासच जलद होतात. एवढे मूळचा शॉकअब्सॉर्बर बहुधा सांभाळून घेतो. त्यापुढे मात्र तो स्प्रिंगला आवरू शकत नाही. भाच्याला गप्प केले ते दुसऱ्याच मुद्द्याने. गाडी फार उतरवली की पुढच्या चाकांच्या खालच्या दांड्या उलट्या कलतात. गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून अधिक तो बिंदू खाली जातो, ज्याभोवती गाडी वळणावर झुकते. आणि झुकण्याचा जोर उलट वाढतो. ज्यासाठी हा खटाटोप, तेच हातचे जाते.

“म्हणजे 25च घ्यायचे का मामा?”

“हो. आणि चाके लोंबकळत असताना स्प्रिंग बैठकीत घट्ट राहते ना, ते आपल्यासमोर बघून घे.”

आईने एवढेच विचारले, की गाडी किती खाली येणार. मी तिला बोटाचे एक पेर दाखवले. उठताना तेवढा आधार द्या, म्हणाली.