तेलाचा ताळेबंद

मी बी. कॉम. माणूस. यंत्रांशी माझा संबंध कॅश काउंटरवरच्या नोटा मोजायच्या यंत्रापुरता, आणि तेही अडलं की शिपायाला हाक मारण्यापुरता. तरीही जुन्या ब्रिटिश मोटारसायकली हे माझं वेड आहे. चालवण्याचं नव्हे, वाचण्याचं. (वेड परवडेल एवढंच असावं, असं आमच्या गृहखात्याचं धोरण आहे.)

या गाड्यांची खूण कोणती विचाराल, तर वेग नव्हे, रूप नव्हे, जमिनीवरचा तेलाचा डाग. जुने भक्त सांगतात, खाली डाग दिसला नाही तर घाबरावं; आतलं तेल संपलेलं असतं!

आता ही गळती का? १९३७ साली ट्रायम्फच्या एडवर्ड टर्नरने ‘स्पीड ट्विन’ काढली. ५०० सीसी, किंमत ७५ पौंड. शेजारी शेजारी दोन सिलिंडर, आणि दोन्ही पिस्टन लेझमीच्या जोडीसारखे एकदम वर, एकदम खाली. इंजिन इतकं आटोपशीर की पुढे बाकीच्या ब्रिटिश कारखान्यांनीही तोच कित्ता गिरवला. पण दोन्ही पिस्टन एकदम खाली आले की इंजिनाच्या पोटातली हवा दाबली जाते. ती वाट शोधते आणि जाताना तेलाला सोबत नेते. शिवाय हे पोट उभं चिरलेलं. नारळाची दोन भकलं पुन्हा जोडावीत तसं. म्हणजे सांधा थेट तळातून, तेलातून जाणार. होंडाने पोट आडवं चिरलं. खाली डबा, वर झाकण, सांधा तेलाच्या वर.

हे सगळं मी घरी वाटी आणि झाकणी घेऊन समजावलं, तेव्हा ही म्हणाली, “झाकण वरून लावतात, हे त्यांना माहीत नव्हतं?”

माहीत होतं हो! खुद्द टर्नर १९६० साली जपानला गेला, तिथले कारखाने पाहून चकित झाला आणि परत येऊन तसा अहवाल लिहिला. अहवालांचं काय होतं हे बँकेत नोकरी केलेल्याला सांगायला नको. नव्या धर्तीचं इंजिन करायचं तर नवी यंत्रसामग्री हवी, आणि जुनी तर अजून चालतेय! कर्जाच्या अर्जासोबत येणारे ताळेबंद मी रोज पाहतो. ज्याच्या घसाऱ्याच्या रकान्यात मशीन केव्हाच शून्यावर आलंय आणि कारखान्यात तेच तीन पाळ्या राबतंय, तो मालक हटकून म्हणतो, “साहेब, जुनं ते सोनं.”

सरकारने मागवलेल्या १९७५ च्या अहवालात हेच निघालं. जपानी छोट्या गाड्या घेऊन आले, तिथला नफा घटला. ब्रिटिशांनी छोट्या गाड्या सोडल्या. जपानी मधल्या गाड्यांत शिरले, तेही सोडलं. एकेक खोली भाडेकरूला देत मालकाने शेवटी गच्चीवर राहायला जावं, तसं! १९६८ साली गच्चीवरून त्यांनी ७५० सीसीची तीन सिलिंडरवाली काढली. लाथ मारूनच सुरू व्हायची. १९६९ साली होंडाची चार सिलिंडरवाली आली. बटण, पुढे डिस्क ब्रेक, पाच गिअर. आणि कोरडी.

१९७३ साली मालकांनी ट्रायम्फचा मेरिडेनचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. इथे मात्र मला विनोद सुचत नाही. कामगारांनी फाटक अडवलं, दीड वर्ष ठिय्या दिला आणि १९७५ साली सहकारी तत्त्वावर कारखाना स्वतः चालवायला घेतला. त्याच जुन्या यंत्रांवर त्यांनी १९८३ पर्यंत ‘बॉनव्हिल’ काढली. नफा वाटताना ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, ती माणसं तोट्याला पाठ लावून उभी राहिली. त्या आठ वर्षांतल्या गाड्यांच्या डागांबद्दल मी कुणालाही थट्टा करू देत नाही.

पुढे नाव विकत घेतलं जॉन ब्लूर यांनी. मूळचा गिलावा करणारा माणूस, नंतर घरं बांधणारा. त्याला पाया आधी घालायची सवय! हिंकलीला नवा कारखाना, नवी यंत्रं, नवी इंजिनं. १९९१ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. २०१६ च्या बॉनव्हिलमध्ये तर इंजिन पाण्याने थंड होतं, इंधन संगणक मोजतो, पण वरून दिसायला जुना अमल कार्बोरेटर! तरुणपणी टक्कल पडलेल्याने म्हातारपणी टोप घालावा, तसा प्रकार.

आणि ज्या छोट्या गाड्या सोडण्यापासून ही घसरण सुरू झाली, त्यांच्याकडे ट्रायम्फ २०२३ साली वळली, ४०० सीसी घेऊन. बजाजबरोबर, आमच्या पुण्याजवळच्या चाकणला!

आमच्या शाखेतल्या एका नव्या पोराने ती घेतली. सगळे रंग बघत होते, मी वाकून खाली बघितलं. फरशी ठणठणीत कोरडी. डाग होता तो शेजारी, माझ्या स्कूटरखाली.