नेब्रास्कातली ट्रॅक्टर-परीक्षा

अमेरिकेला जाऊन आलेली मंडळी न्यूयॉर्कच्या उंच इमारतींचे वर्णन करतात, नायगाराच्या धबधब्याविषयी बोलतात. नेब्रास्काचे नाव सहसा कोणी काढीत नाही. काढावे तरी कशासाठी? समुद्र नाही, नजरेत भरेल असा डोंगर नाही. मका संपला की सोयाबीन आणि सोयाबीन संपले की पुन्हा मका! परंतु या राज्याची राजधानी जे लिंकन शहर, तेथील विधानभवनाच्या ४०० फुटी मनोऱ्यावर कोणी सेनापती उभा नाही. तेथे उभा आहे मुठीने बी फेकणारा शेतकरी. राज्याने आपल्या डोक्यावर कोणाला बसवले आहे, हे दुरूनच कळते.

२०१८ साली पुतण्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा त्याने मला प्रथम विद्यापीठाच्या पूर्वेकडील आवारात नेले. "काका, तुमचा जन्म पेपर तपासण्यात गेला. इथे ट्रॅक्टर परीक्षेला बसतात," तो म्हणाला. खरोखरच तेथे सिमेंटचा लंबवर्तुळाकार मार्ग आहे. त्यावरून ट्रॅक्टर धावडवून त्याची ओढ मोजतात आणि गुणपत्रिका छापतात.

या परीक्षेमागे एका फसवणुकीची कथा आहे. विल्मॉट क्रोझियर या शेतकऱ्याने 'फोर्ड' नावाचा ट्रॅक्टर घेतला. हा फोर्ड हेन्री फोर्डचा नव्हे. मिनिआपोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक गृहस्थ गाठून ते नाव आपल्या यंत्राला चिकटवले होते. यंत्र शेतात टिकेना. दुसऱ्या कंपनीचा घेतला, त्यानेही दगा दिला. तिसरा तेवढा बोलल्याहून जास्त काम करणारा निघाला. पुढे क्रोझियर विधिमंडळात गेला आणि १९१९ साली कायदा झाला : नेब्रास्कात नवा ट्रॅक्टर विकायचा तर त्याचा नमुना विद्यापीठात तपासून घ्यावा आणि सुट्या भागांची सोय ठेवावी. १९२० पासून परीक्षा सुरू झाल्या.

मात्र ही परीक्षा नव्या यंत्राची. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याला परीक्षक स्वतःलाच व्हावे लागते. तो प्रसंगही मला पाहायला मिळाला.

पुतण्याच्या ओळखीचे एक म्हातारबुवा गावाबाहेर शेती करीत. सत्तरी उलटलेली, डावा गुडघा कामातून गेलेला. गवत कापून त्याचे गठ्ठे बांधायचे तर दिवसातून शेकडो वेळा क्लच दाबावा लागे आणि ते आता होत नव्हते. "या हंगामात जमले नाही तर जमीन खंडाने देईन," हे त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी बोलाव्यात अशा सुरात सांगितले. त्यांना हवा होता हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर.

हे प्रकरण नावाला भारी, पण कळायला सोपे. नेहमीच्या ट्रॅक्टरात इंजिनाचा जोर दातेरी चाकांतून मागच्या चाकांकडे जातो. येथे इंजिन एक पंप फिरवते, पंप तेल दाबून पाठवतो आणि त्या तेलाच्या दाबाने दुसरी एक मोटर फिरते. पंपातली एक तबकडी कमीअधिक कलती केली की तेल कमीअधिक जाते आणि उलट कलवली की ट्रॅक्टर मागे येतो. हाताशी एक दांडी; वेग बदलायला क्लच नको. गवताची रास जाड लागली तर ट्रॅक्टर मंद करावा. इंजिन आणि त्यावर चालणारे गठ्ठायंत्र आपल्या गतीने चालूच राहते. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६७ साली आपल्या ६५६ या ट्रॅक्टरात ही सोय दिली. तिचा रॉक आयलंडचा कारखाना १९८५ साली बंद पडला, पण तेथले ट्रॅक्टर अजून शेतांत दिसतात. दोष एकच : जोराचा काही भाग तेल तापवण्यातच जातो. म्हणून खोल नांगरटीला गिअरचाच ट्रॅक्टर बरा.

आपल्याकडे बैलबाजारात जनावराचा जबडा उघडून दोनदाती, चौसा, सहादाती की जुळलेला ते पाहतात. ट्रॅक्टरचे दात म्हणजे तासांचे मीटर. पण दात कानशीने घासणारे व्यापारी असतात, तसे मीटर बदलणारेही असतात. म्हातारबुवांनी मीटरकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी तेल पाहिले. दुधट असेल तर पाणी शिरलेले, करपट वास असेल तर यंत्र कधीतरी फार तापलेले. तेलाचा जुना फिल्टर कापून बोटाने चाचपला. त्यात पितळी कण सापडले तर पंप झिजत आहे असे समजावे.

पहिला ट्रॅक्टर रंगाने लखलखीत होता. म्हातारबुवांनी तो अर्धा तास कामाला लावला. तेल थंड असते तोवर घट्ट असते आणि झीज झाकून घेते. तापून पातळ झाले की बिंग फुटते. नंतर ओढ्याकाठच्या चढणीवर गवताची गाडी जोडली. इंजिन मजेत गुणगुणत राहिले, चाके मात्र जागची हलेनात. ओझे इंजिनापर्यंत पोचलेच नाही. तेल आतल्या आत निसटत होते. अशा पंपाची दुरुस्ती ट्रॅक्टरच्या किमतीशी स्पर्धा करते. म्हातारबुवांनी विकणाऱ्याचे आभार मानले आणि आम्ही निघालो.

दुसरा ट्रॅक्टर तीन दिवसांनी पाहिला. रंग उडालेला, आसन फाटलेले, टायर गुळगुळीत. त्याच तऱ्हेच्या चढणीवर इंजिन कण्हले, काळा धूर सोडला. पण गाडी इंचाइंचाने वर गेली. "कण्हला पाहिजे," म्हातारबुवा म्हणाले, "कण्हतो तो ओढतो." आपल्याकडच्यासारखी रुमालाखाली बोटे दाबण्याची तऱ्हा तेथे नाही. दोघेजण बराच वेळ बुटाच्या टोकाने माती उकरीत उभे राहिले आणि मग ट्रॅक्टरच्या बॉनेटवरच चेक लिहिला गेला.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या शेतावरून गेलो. म्हातारबुवा दांडी दोन बोटांनी मागेपुढे करीत गठ्ठे बांधत होते. डावा पाय निवांत पसरलेला होता. त्या वर्षी जमीन खंडाने गेली नाही.